पेणचे मतदान, रोह्याचे मौन

सार्वजनिक निर्णयांत लोकभावनेला थारा नको, असे मानणारा पक्ष प्रशासनात आणि उद्योगजगतात नेहमीच असतो. भावना घडीघडीला बदलते, पुढारी ती पेटवतात, प्रकल्पाचा हिशेब तज्ज्ञांनाच कळतो, हे त्याचे म्हणणे. रायगडमधील पेण आणि रोहा तालुक्यांचा अनुभव मात्र वेगळा आहे.

रिलायन्सचे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 45 गावांच्या जमिनीवर उभे राहायचे होते. भूसंपादन 1894 च्या कायद्याने सुरू झाले आणि प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी विरोधात उतरले. अखेर 21 सप्टेंबर 2008 रोजी पेणच्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने खातेदारांचे मत मतपत्रिकेवर घेतले. शेतकऱ्यांना फक्त भाव वाढवून हवा होता, असा आरोप तेव्हा झाला. तो टिकत नाही. ही गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. ज्या शेतांना पाणी द्यायचे म्हणून सरकारने धरण बांधले, तीच शेते पाणी पोहोचण्याआधी कारखान्यांना द्यायची, यात विसंगती सरकारची होती. ती दाखवून देणाऱ्यांना भावनिक म्हणणे सोयीचे असेल, खरे नव्हे.

सेझचे भूसंपादन थांबले हा निव्वळ लोकशक्तीचा विजय होता, हा चळवळीचा आवडता दावाही तपासून घ्यावा लागतो. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले, पण सरकारने निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही. संपादनाच्या घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर प्रक्रिया रद्द ठरते, ही तरतूद जुन्या कायद्यातच होती. ती मुदत 2009 मध्ये टळली. लोकमताने सरकारचा हात धरून ठेवला. निकाल लावला तो मुदतीने.

रोह्याची गोष्ट थोडक्यात संपते. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च 2019 मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातील नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे भूसंपादन स्थानिक विरोधानंतर रद्द झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच प्रकल्पासाठी अलिबाग, मुरुड, रोहा आणि श्रीवर्धन तालुक्यांतील 40 गावांची नावे पुढे आली. तिथे विरोध नाही, असे विधिमंडळात सांगण्यात आले. ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांचा विरोध नोंदला जाणार कुठे? एका गावचा आवाज ऐकायचा आणि दुसऱ्याचे मौन होकार म्हणून मोजायचे, याला लोकमताचा आदर म्हणत नाहीत. इथे लोकभावनेच्या विरोधकांचा एक मुद्दा मान्य करावा लागतो: निवडणुकीच्या हिशेबाने भावना मोजली की निर्णय फक्त जागा बदलतो.

तज्ज्ञ विरुद्ध लोक ही मांडणीही रोह्यातच कोसळते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे मूळचे रोह्याच्या घराण्यातले आणि लोकसभेत कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचे प्रतिनिधी. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून त्यांनी 1956 मध्ये राजीनामा दिला. त्यांना आंदोलक म्हणणे कोणालाही जड जाईल. निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, ही त्यांची तक्रार होती. रस्त्यावरच्या माणसाचा रोष आणि अर्थमंत्र्याचा आक्षेप इथे एकाच ठिकाणी येऊन भिडले.

म्हणून लोकभावनेला नियमात जागा देणे हाच उपाय उरतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने ती काही प्रमाणात दिली: खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. महाराष्ट्राने 2018 च्या दुरुस्तीने काही राज्य कायद्यांखालचे संपादन या अटीबाहेर ठेवले. औद्योगिक विकासाचा 1961 चा कायदा त्यांतलाच. रोह्यातील धाटावसारख्या एमआयडीसीसाठी जमीन त्याच कायद्याने घेतली जाते आणि तिथे शेतकऱ्याला हरकत नोंदवता येते, संमती नाकारता येत नाही.