तासावरचे डॉक्टर

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा राज्याच्या तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? गदारोळ झाला, निषेध झाले. आम्ही मात्र तो प्रश्न जपून ठेवलाय. प्रश्न बरोबर आहे, विचारणारा चुकीच्या बाजूला उभा आहे. आम्ही तो सरकारला विचारतो : आमच्या पोरांनी पीएचडी केली, आता तुमचा दिवा कुठंय?

किनवट-माहूरच्या पट्ट्यात, पैनगंगेच्या काठाला, आमच्या बौद्ध वस्त्यांत, गोंड-कोलामांच्या गुड्यांत, बंजाऱ्यांच्या तांड्यांत आता कुठं कुठं दारावर 'डॉ.' लिहिलेली पाटी दिसते. माय रोजानं कापूस वेचते आणि लेक डॉक्टर. वस्तीतल्या म्हाताऱ्या त्याच्याकडं गुडघ्याची गोळी मागतात. तो म्हणतो, माय, मी तसला डॉक्टर नव्हं. मग कसला, बाप्पा? यावर तो गप्प होतो. कारण सकाळी तो कॉलेजात दोन तास शिकवतो, दुपारी कुणाच्या तरी क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या पोरांना पाढे घोकून घेतो, आणि उन्हाळ्यात त्याला कुणीच विचारत नाही.

ह्याला सरकारी भाषेत 'तासिका तत्त्व' म्हणतात. तत्त्व! शब्द बघा कसला धुतलेला आहे. तत्त्व एवढंच की जेवढे तास उभा राहिलास तेवढेच पैसे. दर हजाराच्या आसपास, आठवड्याला नऊ तासांची मर्यादा. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, ह्याचा छदाम नाही. पेपर तपासणं, हजेरीपत्रकं, नॅकच्या फायली रंगवणं हे सगळं फुकट. बिल निघतं तेव्हा निघतं, तोवर किराणा उधारीवर. वर्ष संपलं की नेमणूक संपली. पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच संस्थाचालकाच्या ओट्यावर चपला काढून उभं राहणं.

हे लिहिणारा मॅट्रिक आहे आणि गोदीत ओझी उचलतो. त्यामुळं हा धंदा त्याला चांगला ओळखू येतो. आमच्या आधीच्या पिढ्या मुंबईच्या गोदीच्या गेटवर अशाच उभ्या राहायच्या. टोळीवाला बोट दाखवील त्याला आत घ्यायचा, बाकीचे माघारी. जहाज आलं तर भाकर, नाही तर पाणी. कामगार झगडले, तेव्हा १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, मागून मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. कामगाराची नोंद झाली, पाळीपाळीनं काम मिळू लागलं, जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे सुरू झाले. १९६९ मध्ये ह्याच महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. म्हणजे ज्याच्या कामाचा नेम नाही त्या माणसाला कसं सावरायचं, हे ह्या राज्याला ठाऊक नाही असं नाही. ठाऊक आहे. पुढं कंटेनर आले, बोर्ड पोर्ट ट्रस्टात विरलं, आज आम्ही पुन्हा कंत्राटदाराचे. पण निदान आम्हाला कुणी 'सर' म्हणून तर फसवत नाही! १९४८ च्या आधी गोदीच्या गेटवर जो उभा होता, तो आज डॉक्टरेट घेऊन कॉलेजच्या गेटवर उभा आहे.

जागा नाहीत म्हणून हे होतं, अशी थाप मारतात. जागा आहेत, भरत नाहीत. शासनानं २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागांना मान्यता दिली. त्यातल्या उरलेल्या २,०८८ जागांसाठी २०२१ मध्ये पुन्हा मान्यता काढावी लागली. मधली वर्षं बंदीत गेली, कोरोनात गेली, आमच्या पोरांच्या वयात गेली. आणि भरती निघाली तरी अनुदानित कॉलेजात पगार सरकारचा, खुर्ची मात्र संस्थाचालकाची. खुर्चीचा भाव नांदेडपासून लातूरपर्यंत चहाच्या टपरीवर उघड बोलला जातो, लाखांत. ज्याच्याकडं विकायला एकरच नाही त्यानं काय विकावं? प्रबंध? रद्दीवाला तो किलोनं घेतो.

नियमांचा खेळ तर और. २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या नोकरीला २०२१ पासून पीएचडी सक्तीची ठरवली. पोरं पाच-पाच वर्षं ग्रंथालयात गाडली गेली. मग तारीख २०२३ वर ढकलली. आणि २०२३ च्या जुलैत सक्तीच काढून टाकली, नेट-सेट पुरे. हे म्हणजे नदीच्या मध्यावर नेऊन नाव काढून घेणं.

त्याच २०१८ मध्ये, ५ मार्चला, यूजीसीनं आदेश काढला की आरक्षण मोजताना अख्खं विद्यापीठ न धरता एकेक विभाग धरा. वरवर हिशोबाची गोष्ट. पण तेरा बिंदूंच्या त्या रोस्टरात अनुसूचित जातीची पहिली जागा सातवी येते आणि आदिवासीची चौदावी. तीन-चार मास्तरांच्या विभागात सातवा कधी येणार? आणि आमच्या किनवटच्या गोंड पोरानं चौदाव्याची वाट कोणत्या जन्मी बघायची? देशभर पोरं रस्त्यावर आली, तेव्हा २०१९ मध्ये कायदा करून केंद्रीय संस्थांत ते मागं घ्यावं लागलं. संविधानाला हात न लावता आरक्षण कसं मारतात, ते ह्या एका आकड्याच्या खेळात शिकावं.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण जयंतीला लाउडस्पीकरवर वाचतो. त्या पदव्यांचं पुढं काय झालं तेही वाचा. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या त्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. नोकरी सोडून मुंबईत शिकवण्या केल्या, सल्लागाराचा धंदा मांडला, जात कळताच गिऱ्हाईक पळालं. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली ती हंगामी, आणि तिथं सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून वाद घातला. आज भांडं एकच आहे. स्टाफरूमची खुर्ची वेगळी आहे.

आणि हा मराठवाडा आहे. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमची घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे मारले गेले. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नाव मिळालं तेही विस्तार करून. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. पाटीसाठी माणसं गेली. आता पाटीखालच्या दारातून आमच्या पोराला तासावर आत घेतात.

एक कडू गोष्ट घरातलीही. कायम झालेले आमचेच काही प्राध्यापक तासिकेवरच्या पोराला ओळख दाखवत नाहीत. आंबेडकरी विचारांवर चर्चासत्र ठेवतात, खुर्च्या लावायला त्यालाच बोलावतात. गाइडच्या घरी गॅस सिलिंडर पोचवल्याशिवाय ज्याच्या प्रबंधावर सही झाली नाही, असा पोर आम्हाला माहीत आहे. ब्राह्मण्य जातीला चिकटतं तसं पगाराच्या स्लिपलाही चिकटतं.

काही लोक म्हणतात, मग पोरांनी पीएचडी करूच नये, आयटीआय करावं. आम्हाला हे मान्य नाही. आयटीआय करणाऱ्यानं ते करावंच, पण आमच्या वस्तीनं फक्त वेल्डिंग करावं आणि ज्ञान दुसऱ्यांनी सांगावं, ही जुनीच वाटणी आहे. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी पोरं आझाद मैदानावर उन्हात बसली, ती भीक मागायला बसली नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गुरूचे श्लोक म्हणून भागत नाही, मास्तराला नीट पगार द्या. ती माणसं तीस हजारांवर राबत होती. निकाल चांगला आहे, पण तो किनवटच्या एस.टी.नं आपोआप येणार नाही. आमचं म्हणणं साधं आहे : रिकाम्या जागा भरा, निवड संस्थाचालकाच्या हातातून काढा, रोस्टर कॉलेजच्या भिंतीवर लावा, आणि तोवर तासिकेवरच्या प्रत्येकाला बारा महिने पगार द्या.

पुढच्या अंकासाठी किनवट, माहूर, हदगाव, भोकर, उदगीर, निलंगा, जिथं असाल तिथून तासिकेवरच्या मास्तरांनी आपली बिलं पाठवावीत. किती तास घेतले, किती लावले, पैसे कोणत्या महिन्यात आले, एवढंच लिहा. नाव छापणार नाही. कॉलेजचं नाव तुम्ही सांगाल तर छापू. पोस्टाला पैसे नसतील तर बाजाराच्या दिवशी हातानं आणून द्या.