किनारा सगळ्यांचा, देखभाल कोणाची?

नॉर्वेचा किनारा मोजायला बसले, तर आखाते, खाचाखोचा आणि बेटे धरून तो एक लाख किलोमीटरच्या वर भरतो. पृथ्वीला विषुववृत्तावरून अडीच वेळा वेढा घालता येईल, एवढा! आणि त्याची राखण करणारी लोकसंख्या किती? सारा देश मिळून सुमारे ५६ लाख. म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. या व्यस्त प्रमाणात तिथल्या आजच्या एका वादाचे मूळ आहे. हिरवे डोंगर, निळे पाणी आणि लाल रंगाची लाकडी घरे अशी छायाचित्रे पाहून तिकडे जाणाऱ्या आपल्या मराठी पर्यटकांनाही तो समजून घ्यावा लागेल.

नॉर्वेत एक जुनी रूढी आहे. जमीन कोणाचीही असो. ती पडीक असेल, माळ, रान किंवा डोंगर असेल, तर तिच्यावरून चालण्याचा, तिथे विसावण्याचा आणि रानमेवा खुडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. या हक्काचे नावच मुळी ‘प्रत्येकाचा हक्क’ असे आहे. १९५७ साली त्याला कायद्याचे रूप मिळाले. तंबू ठोकायचा तर राहत्या घरापासून १५० मीटर दूर ठोकावा, वस्तीच्या आसपास मालकाला न विचारता दोन रात्रींपेक्षा अधिक राहू नये, पिकात शिरू नये आणि जागा जशी होती तशी सोडून जावी, एवढीच काय ती पथ्ये. समुद्रात गळ टाकायलाही कोणी पैसे मागत नाही. मोकळ्या हवेत फिरणे हा तिथे श्रीमंतांचा षोक नाही. दप्तराइतकीच पाठपिशवीची सवय मुलांना लहानपणी लागते.

ही व्यवस्था चालली ती एका न लिहिलेल्या अटीवर. हक्क वापरणारे थोडे असावेत आणि त्यांना पथ्ये आईबापांनी शिकवलेली असावीत. आता दोन्ही गोष्टी बदलल्या आहेत. लोफोतेन द्वीपसमूहातले रेइने हे गाव पाहा. कॉड मासा लाकडी मांडवांवर वाळत घालणाऱ्या कोळ्यांचा हा मुलूख. रेइने ज्या मोस्केनेस नगरपालिकेत येते, तिची वस्ती अवघी हजाराच्या आसपास. गावामागच्या ४४८ मीटर उंचीच्या रेइनेब्रिंगेन डोंगरावरून दिसणारा देखावा जगभर गाजला आणि माणसांची रीघ लागली. पायांनी वाट इतकी झिजली, की दगड निसटून खालच्यांच्या अंगावर येऊ लागले. अखेर नेपाळहून शेर्पा कारागीर बोलावून दोन हजारांच्या जवळपास दगडी पायऱ्या बांधून घ्याव्या लागल्या. वाट सुरक्षित झाली. आणि सुरक्षित झाल्यामुळे गर्दी आणखी वाढली. गाड्या कुठे लावायच्या, शौचालये कोणी बांधायची, कचरा कोणी उचलायचा? हजार माणसांच्या घरपट्टीतून लाखांची सरबराई कशी व्हावी?

यावर २०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या संसदेने एक कायदा केला. पर्यटनाचा फार भार पडलेल्या नगरपालिकांना रात्रीच्या मुक्कामाच्या भाड्यावर ३ टक्क्यांपर्यंत ‘पाहुणेपट्टी’ बसवता येईल, आणि हा पैसा पर्यटकांसाठीच्या सार्वजनिक सोयींवरच खर्च करावा लागेल. रक्कम अगदीच माफक. तरी वाद झाला, कारण प्रश्न पैशाचा नव्हता. जे आजवर हक्काने मिळाले, त्याचे बिल फाडणे तिथल्या मनाला रुचत नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. एखादा धंदा पाहिला, की हा व्याजावर चालला आहे की मुद्दल खातो आहे, हा प्रश्न आधी मनात येतो. या कायद्याने शौचालयाचा आणि वाहनतळाचा खर्च निघेल. ते चालू खर्च झाले. मुद्दल मात्र निराळे आहे. ते काय, हे पाहायचे तर लोफोतेनच्या दक्षिणेला, ब्रेनेयसुंद गावासमोर पसरलेल्या वेगा द्वीपसमूहाकडे वळावे लागेल.

सुमारे साडेसहा हजार बेटे आणि खडक, आणि सगळ्यांत मिळून जेमतेम बाराशे माणसे, असे हे वेगा. २००४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले, ते केवळ निसर्गासाठी नव्हे. तिथे आयडर नावाचे समुद्री बदक येते. वसंतात ते किनाऱ्यावर घरटे करते आणि अंडी उबदार राहावीत म्हणून छातीची मऊ पिसे उपटून त्यात अंथरते. बेटांवरच्या कुटुंबांनी शतकानुशतके या रानपक्ष्यासाठी दगडालाकडाची छोटी घरे बांधली, वाळलेल्या समुद्रशेवाळाची बिछायत घातली, शत्रूंपासून राखण केली. पक्षीण पिलांना घेऊन समुद्रात उतरली, की मागे उरलेली पिसे गोळा करायची, तंतुवाद्यासारख्या चौकटीवर झाडून साफ करायची आणि त्यांच्या रजया शिवायच्या. एक किलो स्वच्छ पिसांसाठी साठ-सत्तर घरटी लागतात. पुरुष मासेमारीला गेल्यावर हे काम बायका करीत. युनेस्कोने त्यांच्या वाट्याची खास नोंद घेतली आहे.

युद्धानंतरच्या दशकांत सरकारी मदत घेऊन दूरच्या बेटांवरची कुटुंबे मोठ्या गावांकडे सरकली. कातड्यासाठी पाळलेले आणि पिंजऱ्यांतून निसटलेले मिंक हे मुंगसासारखे प्राणी बेटांवर पोचले. राखण करणारे उरले नाहीत. आज मूठभर घरांनी हे काम टिकवून धरले आहे. आणि २०२१ च्या नॉर्वेच्या धोक्यातील प्राण्यांच्या यादीत आयडर ‘असुरक्षित’ म्हणून नोंदले गेले आहे.

वेगाला जाणाऱ्याला करायला पुष्कळ आहे. सपाट रस्त्यांवर सायकल, बेटांमधून कयाक, रावनफ्लोगेत कड्यावर नेणारा जवळपास दोन हजार पायऱ्यांचा जिना, आणि नेस या कोळीगावात आयडरचे छोटे संग्रहालय. मात्र घरट्यांच्या दिवसांत काही बेटांवर पाऊलही ठेवायचे नाही. बदकाला शांतता लागते. एकदा उधळलेली पक्षीण पुन्हा अंड्यांवर बसेलच, असे नाही.

म्हणून ‘संरक्षित’ या शब्दाचा अर्थ इथे नीट लावला पाहिजे. कुंपण घालून माणसाला बाहेर काढणे, हा तो अर्थ नव्हे. चराई, मासेमारी, पाखरांची राखण करणारी माणसे तिथे राहिली, तरच ते निसर्गदृश्य राहते. राखणदार उठून गेला, तर उरलेल्या बेटांचे छायाचित्र सुंदरच येईल. पण वारसा संपलेला असेल. ३ टक्के पट्टीतून हा राखणदार टिकत नाही. शिवाय जो फुकट तंबूत झोपतो, तो या पट्टीच्या कक्षेत येतच नाही.

मोठ्या पाहुण्यांबाबत तर सरकारचाही हात आखडतो. गेइरांगेर फियोर्ड आपल्याकडच्या सहलींतला हुकमी थांबा. २००५ पासून तोही जागतिक वारसा आहे. २०२६ पासून वारसा फियोर्डांत धूर सोडणारी पर्यटक जहाजे नकोत, असे संसदेने २०१८ मध्ये ठरवले. प्रत्यक्षात १ जानेवारी २०२६ पासून हा नियम १० हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांना लागू झाला. त्याहून मोठ्यांना २०३२ पर्यंत सवलत मिळाली. लहान कर्जदाराच्या दारात वसुली आणि मोठ्याला मुदतवाढ, हे दृश्य बँकवाल्याला अनोळखी नाही. पण मोठ्या जहाजाचे प्रवासी दिवसभर गावात हिंडून रात्री बोटीवर परततात. गर्दी गावाची, कमाई बोटीची.

प्रत्येकाचा हक्क राखायचा, तर त्याची राखण हे प्रत्येकाचे काम मानावे लागेल, पाहुण्याचेही. आपल्यापैकी कोणी तिकडे निघाले, तर पाच फियोर्ड पाच दिवसांत उरकण्याऐवजी एकाच गावात तीन रात्री राहून पाहावे. पट्टी मागितली तर कुरकुर न करता द्यावी, सायकल गावातल्या माणसाकडून भाड्याने घ्यावी, आणि ‘इथे उतरू नये’ अशी पाटी दिसली, तर होडी थोडी लांबून वल्हवावी.