हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

निवडणूक जवळ आली की प्राप्तिकर कमी करण्याची आश्वासने भूछत्रांप्रमाणे उगवतात. त्यात आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु ही आश्वासने सर्वांत उच्च स्वरात देणारा पक्ष पुष्कळदा आघाडीतील लहान भागीदार असतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. असे का व्हावे? उत्तर सोपे आहे. अर्थखाते बहुधा त्याच्या हाती नसते. तिजोरीला खिंडार पडले तर हिशेब थोरल्या भागीदाराने द्यावयाचा आणि कपातीचे श्रेय मात्र धाकट्याने घ्यावयाचे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ते हेच. या औदार्याची अथपासून इतिपर्यंतची कथा पाहावयाची असेल तर आयर्लंडकडे पाहावे. तेथील प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स हा पक्ष १९८५ च्या डिसेंबरात जन्मला आणि पुरती पंचविशीही न गाठता नाहीसा झाला. त्याने वाटलेल्या कपातीचे देणे मात्र मागे उरले.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आयर्लंडमधील पगारदारांची करांविषयीची तक्रार खोटी नव्हती. कामगाराच्या वेतनातून कर आधीच कापून घेतला जाई. बडे शेतकरी, धंदेवाईक आणि मालमत्ताधारक मात्र हलक्या पावलांनी निसटून जात. १९७९ आणि १९८० मध्ये लाखो कामगार या अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरले. ‘भार सर्वांनी वाटून घ्या’ ही त्यांची मागणी होती. फिआना फॉल या मोठ्या पक्षातून फुटून डेसमंड ओमॅली यांनी जो नवा पक्ष काढला, त्याने हा असंतोष अचूक हेरला आणि मागणी तेवढी बदलून टाकली. ‘भार वाटून घ्या’ याच्या जागी ‘भार कमी करा’ हे शब्द आले. कोणाचा भार, हा प्रश्न तेथेच गाडला गेला. श्रमिकांचा संताप आणि धनिकांचा कार्यक्रम यांची ही सोयरीक १९८७ च्या निवडणुकीत पक्षाला १४ जागा देऊन गेली.

पुढील निवडणुकीत, १९८९ मध्ये, या १४ च्या ६ झाल्या; पण त्या सहांवाचून फिआना फॉलला सरकार बनविता येईना. ज्या पक्षातून हे लोक बाहेर पडले होते त्याच्याच मांडीला मांडी लावून ते बसले. १९९२ पर्यंत प्राप्तिकराचा मूळ दर ३२ टक्क्यांवरून २७ वर आणि वरचा दर ५६ वरून ४८ वर आला. १९९७ मध्ये तर १६६ जणांच्या सभागृहात त्यांचे अवघे ४ सदस्य होते. तरीही सत्तेत वाटा मिळाला, मेरी हार्नी उपपंतप्रधान झाल्या, आणि २००१ पर्यंत २६ व ४८ हे दर २० व ४२ वर उतरले.

१९९७ च्या निवडणुकीतील वाद येथे समजून घेतला पाहिजे. मावळत्या सरकारातील पक्षांचा, ज्यात मजूर पक्षही होता, भर करमुक्त मर्यादा आणि करटप्पे रुंदावण्यावर होता. हार्नी व त्यांच्या मित्रपक्षाचा दरच कापण्यावर. वरवर पाहता दोन्ही करकपातीच. परंतु गणित करून पाहा. दोन्ही दर सहा अंशांनी घटले. ज्याचे करपात्र उत्पन्न ५ हजार पौंड, त्याचे ३०० पौंड वाचले. ज्याचे ५० हजार, त्याचे ३ हजार. ज्याचे उत्पन्न करमर्यादेच्या आतच आहे त्या सफाई कामगार स्त्रीच्या हाती काय आले? शून्य. त्यातच १९९७ च्या डिसेंबरात भांडवली नफ्यावरील कर ४० टक्क्यांवरून एकदम २० वर आणला गेला. घाम गाळणाऱ्याला सहा अंशांची सवलत आणि जमीनजुमला विकणाऱ्याला वीस अंशांची! ‘सर्वांना दिलासा’ या शब्दांमागील खरी वाटणी ही अशी होती.

यावर ठरलेले उत्तर येते: कर घटले म्हणून देश समृद्ध झाला आणि तिजोरीही भरली. आयर्लंडची त्या दशकातील भरभराट खरीच होती. पण तिची मुळे कोठे होती? युरोपीय समुदायाची बाजारपेठ आणि मदत, त्या बाजारपेठेसाठी आलेले अमेरिकी भांडवल आणि शिकलेली तरुण पिढी यांत ती होती. ही पिढी शिकली कशी? १९६६ मध्ये डोनाह ओमॅली या शिक्षणमंत्र्यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली म्हणून. हे गृहस्थ म्हणजे डेसमंड ओमॅली यांचे सख्खे चुलते. चुलत्याने करदात्यांच्या पैशातून झाड लावले. पुतण्याच्या पक्षाने फळे दाखवून ‘पाहा, कर न घेण्याचा महिमा’ असे सांगितले.

दरम्यान तिजोरीत पैसा येत होता तो घरांच्या सट्ट्यातून. मुद्रांकशुल्क, भांडवली नफा, नव्या घरांवरील विक्रीकर यांनी प्राप्तिकराची जागा भरून काढली. भाव चढत होते तोवर कपात फुकट भासत होती. पण त्या काळातही सार्वजनिक सेवांची कुचंबणा लपली नाही. हार्नी २००४ मध्ये आरोग्यमंत्री झाल्या. २००६ मध्ये, रुग्णालयांत खाटेअभावी ढकलगाड्यांवर ताटकळणाऱ्या रुग्णांमुळे, ती परिस्थिती राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे त्यांनाच जाहीर करावे लागले.

२००७ च्या निवडणुकीत या कथेने जे वळण घेतले ते आपल्यासाठी सर्वांत बोधप्रद आहे. लिलावात सगळेच उतरले. खुद्द मजूर पक्षानेही मूळ दर २० वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे वचन दिले! प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सच्या दुकानात वेगळा असा माल उरला नाही. त्यांच्या ८ जागांच्या २ झाल्या आणि पक्षनेते मायकेल मॅकडॉवेल स्वतः पडले. पक्ष हरला, पण विचार जिंकला होता. आणि तो जिंकला तो विरोधकांच्या शरणागतीने.

मग २००८ चे अरिष्ट आले. बँकांचे सारे पाप करकपातीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. परंतु प्राप्तिकराचा भक्कम पाया खणून त्या जागी सट्ट्याची वाळू भरली नसती, तर इमारत इतकी कोसळली नसती. सप्टेंबरअखेर सरकारने बँकांच्या देण्यांची हमी घेतली. नोव्हेंबरात पक्षाने स्वतःचे विसर्जन ठरविले. देणे वसूल होण्याच्या वेळी दाता घरी नव्हता. २०१० च्या अखेरीस ८५ अब्ज युरोंचा आर्थिक साहाय्याचा करार झाला. २०११ च्या जानेवारीत ‘सार्वत्रिक सामाजिक आकार’ या नावाचा नवा कर आला आणि तो वर्षाला ४,००४ युरोंहून अधिक मिळविणाऱ्यांपासून सुरू झाला. बेकारांचा आठवड्याचा भत्ता २०४ युरोंवरून दोन वर्षांत १८८ वर आणला गेला. किमान वेतन तासाला एका युरोने कापले गेले. पुढच्या सरकारने ते काही महिन्यांत पूर्ववत केले खरे, पण त्याच सरकारने २०१२ मध्ये विक्रीकर २३ टक्क्यांवर नेला. जिला कपातीत छदामही मिळाला नव्हता ती सफाई कामगार स्त्री आता कपातीची परतफेड करू लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

आयर्लंड दूर आहे, असे म्हणून सुटका नाही. १ फेब्रुवारी २०२५ रोजी, दिल्लीच्या मतदानाआधी चार दिवस, केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले आणि सुमारे १ लाख कोटी रुपयांवर पाणी सोडले. २५ लाख मिळविणाऱ्याचा १ लाख १० हजारांचा लाभ झाला. साबण, चप्पल आणि मोबाईलच्या रिचार्जवर कर भरणाऱ्या शेतमजुराचा किती? मध्यमवर्गीय पगारदार आपला शत्रू नव्हे, त्याची ओढाताण खरी आहे. पण त्याची मुलांची फी आणि आईवडिलांचा दवाखाना हीच त्याची खरी करवाढ आहे, आणि ती सार्वजनिक शाळा व रुग्णालये दुबळी झाल्यामुळे त्याच्यावर लादली गेली आहे. हे त्याला समजावून सांगण्याचे काम कठीण आहे म्हणून टाळता येणार नाही.

तेव्हा यापुढे कोणत्याही आघाडीच्या जाहीरनाम्यात, मग ती आघाडी आपली असली तरी, प्राप्तिकर कपातीचे वचन दिसले तर कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. कोणाचे किती रुपये वाचणार? ज्यांचे काहीच वाचत नाही ते लोकसंख्येत किती? आणि सोडलेल्या उत्पन्नाची जागा कोणता कर घेणार? या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळेपर्यंत त्या वचनाला टाळी देऊ नये. आयर्लंडच्या मजूर पक्षाने २००७ मध्ये हे प्रश्न विचारले नाहीत. त्याने बोलीच वाढवली. त्या बोलीत आपला आवाज मिसळता कामा नये.