मनमाडवरून नागपूर

आमच्या आक्काला नागपूरला दिलं तेव्हा आजी कुरकुरली होती, "राज्यातच दिलीया म्हणायचं, आणि गाडीत तीन वेळच्या भाकरी बांधायच्या!"

आजीचं गणित भाकरीत होतं आणि बरोबर होतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून निघते ती मिरज, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूर गाठते आणि पुढे गोंदियाला जाऊन थांबते. सुमारे 1,350 किलोमीटर धावूनही राज्याची हद्द काही ओलांडत नाही. नागपूर आमच्या ईशान्येला. गाडी मात्र आधी उत्तरेला चढते, मग विळ्यासारखी वळते. नागपूरपर्यंत बाराशेच्या वर किलोमीटर होतात. दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली तर भरतात जेमतेम सातशे. म्हणजे आक्कानं दर माहेरपणाला पाचशे किलोमीटर निव्वळ वळसा घातला, तोही एका बाजूचा.

2025 मध्ये कोल्हापूर-नागपूर थेट विमान सुरू झालं आणि भाच्याचा फोन आला, "मामा, आई दीड तासात पोचते." मी कागद-पेन्सिल घेतली. ताशी आठशेच्या वेगानं सातशे किलोमीटरला तासही लागू नये. मग उरलेला वेळ जातो कुठं? तर वेळापत्रकातला वेळ नुसता हवेतला नसतो. विमान आपल्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि दुसरीकडे जागेवर उभं राहिलं की बंद. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, वेग आवरत उतरणं, सगळं त्यात आलं. आणि त्याआधी दोन तास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जाऊन बसायचं, ते कुठल्याच हिशेबात नाही!

ही दोन्ही ठिकाणं जुनी. उजळाईवाडीचा आमचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांनी 5 जानेवारी 1939 रोजी सुरू केला. नागपुरात 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री एकत्र यायची, पोती बदलायची आणि पहाटेच्या आत माघारी फिरायची. देशाची पत्रं नागपूरवरून उडत होती. कोल्हापूरचा माणूस मनमाडवरून जात होता.

एका टोकाच्या विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव, दुसऱ्या टोकाच्या विमानतळाला बाबासाहेब आंबेडकरांचं. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष होते आणि राजाराम महाराजांचे वडील शाहू महाराज हजर होते. मेअखेरीस नागपूरच्या परिषदेला शाहू महाराज अध्यक्ष, आणि बाबासाहेब हजर. तेव्हा कोल्हापूर-पुणे मीटरगेज होतं. गाडी बदलल्याशिवाय रेल्वेनं नागपूर गाठता येत नव्हतं. ब्रॉडगेज आलं 1971 मध्ये.

तर आक्का आली. उजळाईवाडीच्या दारात हातात तोच जुना पितळी डबा. "दीड तासाला डबा कशाला गं?" म्हटलं, तर म्हणाली, "सवय."

घरी येऊन उघडला. आत सकाळी तळलेल्या सांबारवड्या. चाळीस वर्षं तिच्या हातच्या या वड्या खातोय, आणि त्या मऊच असतात असा आमचा पक्का समज होता. थोरल्यानं पहिली तोडली तर कुर्रकन आवाज झाला. सगळे आक्काकडं बघायला लागले.

"अशाच असतात त्या," आक्का म्हणाली.