आई-बाबांना पौषात बोलवा



दिवाळीत गावी फोन होतातच. फराळाची चौकशी होते, कुणाचं लग्न ठरलं ते कळतं, आणि फोन ठेवता ठेवता आपण म्हणतो, "यंदा या की एकदा इकडे." पलीकडून उत्तर येतं, "येऊ रे, तुला सुट्टी असेल तेव्हा सांग." माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. आपल्याला मोठी सुट्टी मिळते ती मुलांच्या शाळा बंद असतात तेव्हा, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. आणि बहरीनमध्ये वडीलधाऱ्यांना बोलावण्यासाठी वर्षातले सगळ्यात वाईट महिने तेच आहेत.

बहरीन पाहायला उत्तम काळ कोणता, असं कुठल्याही प्रवास कंपनीला विचारा, उत्तर मिळेल नोव्हेंबर ते मार्च. ते बरोबरच आहे. पण ते चार दिवसांच्या पर्यटकासाठी झालं. आपल्याकडे येणारे आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा आठवडे राहतात, कधी तीन महिने राहतात. त्यांच्यासाठी मी एकच कसोटी लावेन. ज्या दिवसांत त्यांना आपल्याशिवाय आणि आपल्या गाडीशिवाय घराबाहेर पडता येतं, ते दिवस चांगले. बाकीचा विचार नंतर.

तुमच्या घरच्यांचा गावचा दिवस आठवून बघा. बाबा पहाटे फिरायला जातात, येताना दूध आणि पेपर आणतात, संध्याकाळी कट्ट्यावर बसतात. आई मंडईत जाते, भिशी असते, भजनी मंडळ असतं. साठ-सत्तर वर्षं स्वतःच्या पायांवर चाललेली ही माणसं. त्यांना जुलैत इथे आणलं की पहिल्याच दिवशी काय होतं? सकाळी आठला बाबा चपला घालतात, खाली उतरतात आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन परत येतात. दुसऱ्या दिवसापासून चपला कोपऱ्यात. मग एसीची खोली, टीव्ही, खिडकीतून दिसणारा पार्किंगचा पत्रा, आणि आपण कामावरून परत येण्याची वाट. गुरुवारी रात्री विचारतात, "उद्या कुठे?" उद्या मॉल. पुढच्या शुक्रवारी दुसरा मॉल. फोनवर नातेवाइकांना सांगतात, "सगळं छान आहे, मुलं फार करतात." आणि मनात परतीच्या तिकिटाचे दिवस मोजतात.

नागपूर-जळगावकडचे वाचक म्हणतील, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तुमच्या ३८-३९ चं काय कौतुक? पण तिकडचं ऊन कोरडं असतं, घाम वाळतो. इथे चहूबाजूंनी तापलेला समुद्र आहे. ऑगस्टमध्ये रात्रीही पारा बहुधा ३० च्या खाली उतरत नाही, आणि इमारतीबाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचांवर वाफ धरते. जूनमध्ये दमट हवा जरा कमी असते, पण तेव्हा वायव्येकडून शमाल वारा धूळ घेऊन येतो. दम्याच्या माणसाला ते सोसत नाही. सरकार उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी घालतं. २०२५ मध्ये तर ही बंदी वाढवून १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिन्यांची केली. तरण्याताठ्या कामगारांसाठी असा नियम करावा लागतो, तिथे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला फिरायला कुठे पाठवणार?

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. जुलै-ऑगस्ट म्हणजे तिकडे आषाढी, श्रावण आणि मग गणपतीची तयारी. पेरण्या झालेल्या असतात, डोंगर हिरवे असतात. "पावसात तुमचे हाल होतात, इकडे या" असं आपण प्रेमाने म्हणतो, पण त्यांच्या वर्षातला सगळ्यात भरलेला काळ आपण काढून घेत असतो.

मग सप्टेंबरमध्ये बोलवावं का? ऑगस्टच्या शेवटी पहाटे सुहैल तारा दिसू लागला की उन्हाळा कलला, असं आखातातली जुनी माणसं मानतात. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती, ज्याचा उदय आपल्या पंचांगातही देतात. पण उन्हाळा कलला म्हणजे संपला नव्हे. सप्टेंबरची दमट हवा नको नको करते. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळ बरी होते. खरा फरक पडतो तो नोव्हेंबरच्या मध्यापासून.

म्हणून माझं म्हणणं, पौषात बोलवा. म्हणजे साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा आणि पुढे-मागे दोन-तीन आठवडे जोडा. जानेवारीत इथे दिवसा २० अंशांच्या आसपास आणि रात्री १४-१५ अंश असतं. पुण्याच्या थंडीइतकं सुखाचं. बाबा एकटे खाली उतरून कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून दूध-पाव आणू शकतात. दुकानदार बहुधा मल्याळी असतो, मोडक्या हिंदीत गप्पा सुरू होतात, चौथ्या दिवशी तो त्यांना नमस्कार करू लागतो. अरादच्या खाडीकाठच्या बागेत त्यांच्यासारखे आणखी चार जण भेटतात. लाल बसने बाब अल बहरीनला उतरून दोघं मनामा सूकच्या गल्ल्यांतून श्रीनाथजींच्या मंदिरापर्यंत जाऊन येऊ शकतात. दोनशे वर्षांहून जुन्या त्या मंदिराच्या गल्लीत हार-फुलं दिसली की आईचा चेहरा कसा खुलतो ते बघा. शनिवारी सकाळी बुदैयाच्या बागेत शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तोही फक्त थंडीतच. इथल्या मातीतला मुळा आणि टोमॅटो हातात घेऊन आई भाव करते, तेव्हा तिला हा देश थोडा आपला वाटतो.

पाहण्यासारखी ठिकाणंही उघड्यावरचीच आहेत. वाळवंटातलं 'ट्री ऑफ लाइफ' आपण जुलैत गाडीतून उतरून, फोटो काढून, पळत सुटून पाहतो. ते सुमारे चारशे वर्षांचं झाड म्हणजे आपली शमी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पांडवांनी ज्या झाडावर शस्त्रं लपवली, दसऱ्याला आपण ज्याची पूजा करतो, तेच. आईला हे सांगितलंत तर ती तिथे हात जोडून अर्धा तास उभी राहील. त्यासाठी हवा जानेवारीचीच पाहिजे. कलात अल-बहरीनचा किल्ला २००५ पासून जागतिक वारसा आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमुनचे अवशेष तिथे पायाखाली आहेत, पण ते पाहायला उंचसखल जमिनीवर तासभर चालावं लागतं. मुहर्रकचा मोत्यांचा मार्ग सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता, हे बाबांना तिथे चालता चालता सांगा. त्यांना तुमच्या पगाराच्या आकड्यापेक्षा यात जास्त रस वाटेल.

याच मोत्यांवरून सांगतो, ऋतूची निवड कामावर अवलंबून असते. पाणबुडे समुद्रात उतरायचे ते उन्हाळ्यात, कारण तेव्हा पाणी कोमट असे. त्यांच्या कामाला तो ऋतू योग्य होता. आपलं काम काय आहे, ते आपण ठरवायला हवं.

आता तुमच्या हरकती. पहिली, "थंडीत आम्हाला रजा नसते." मंडळी, त्यांना दिवसभर आपण घरी असायला नकोच आहे. आपण कामावर असताना त्यांना स्वतःचं काही करता येणं, हेच तर हवं आहे. आठवड्याची सुट्टी, १६-१७ डिसेंबरची राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि मुलांची नाताळची सुट्टी एवढं पुरतं.

दुसरी, "तिकडे लगीनसराई असते." तुळशीचं लग्न झालं की आमंत्रणं सुरू होतात, हे खरं. पण पौषात लग्नं काढत नाहीत, म्हणूनच मी पौष म्हणतो. शेतकरी घरांतही या काळात रब्बीच्या पेरण्या उरकलेल्या असतात आणि काढणीला वेळ असतो. कोकणात आंब्याच्या मोहोराकडे लक्ष ठेवावं लागत असेल, तर त्यांना दिवाळी झाल्यावर लगेच बोलवा. आणि पौषात आले की संक्रांत इथेच होईल. आपल्या मंडळातलं हळदीकुंकू आईला इथल्या दहा घरांशी जोडून देईल.

तिसरी, "तिकीट महाग पडतं." महाग असतात ते नाताळच्या आसपासचे दिवस. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात यायचं आणि संक्रांतीनंतर परतायचं ठरवलं, तर खर्च बहुधा शाळेच्या उन्हाळी सुट्टीपेक्षा कमीच येतो.

चौथी हरकत नाजूक आहे. बाळंतपण ऋतू बघून येत नाही, आणि तेव्हा आई किंवा सासूबाई लागतातच. मान्य. पण मग त्या भेटीला कामाचीच भेट म्हणा. तीन महिने डिंकाचे लाडू, बाळाची मालिश आणि रात्रीची जागरणं करून परतलेल्या बाईला "एकदा येऊन गेल्या की बहरीनला" असं म्हणू नका. त्यांचं बहरीन अजून पाहायचं राहिलंय. पुढच्या थंडीत दोघांना पाहुणे म्हणून बोलवा आणि त्या वेळी स्वयंपाकघर त्यांच्या हाती देऊ नका.

थंडीच्याही काही अडचणी आहेत. घरांत हीटर नसतात आणि फरशी गार पडते, तेव्हा मोजे, स्वेटर, शाल बरोबर आणायला सांगा. वर्षभरात जो थोडासा पाऊस पडतो तो याच महिन्यांत, आणि पडला की रस्त्यांत पाणी साचतं. रमजानचाही हिशेब करा. २०२६ मध्ये त्याची सुरुवात १८ फेब्रुवारीच्या सुमारास, आणि दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जातो. त्या महिन्यात दिवसा बाहेर खाता-पिता येत नाही. ज्यांना मधुमेहामुळे दर दोन-तीन तासांनी काही खावं लागतं, त्यांचं फिरणं अवघड होतं. संध्याकाळची रोषणाई मात्र बघण्यासारखी असते.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. "पुढच्या वर्षी बघू" हे आपण दर दिवाळीत म्हणतो, आणि दर वर्षी त्यांचे गुडघे एक वर्षाने जुने होतात. यंदा जे बाबा किल्ल्याच्या पायऱ्या चढतील, ते तीन वर्षांनी विमानतळावर व्हीलचेअर मागतील. आपल्यातल्या कितीतरी घरांत आई-वडिलांनी आपलं इथलं घर फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलं, आणि तेवढंच राहून गेलं.

म्हणून या दिवाळीच्या फोनवर "सुट्टी मिळाली की सांगतो" असं म्हणू नका. "संक्रांत इथे करू" असं सांगा. लगेच पासपोर्टची मुदत बघायला सांगा, प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक हवी. डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी लिहून घ्यायला सांगा, प्रवास विम्याची चौकशी तुम्ही करा. आणि बाबांना म्हणावं, फिरायचे बूट बॅगेत सगळ्यात वर ठेवा, लागणार आहेत.

शुभ दीपावली!