गुण येण्याआधीचा हिशेब

औषधाला गुण येणे हा नशिबाचा भाग, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. औषध स्वस्त असते तोवर हे म्हणणे फारसे जाचत नाही; एकाने गुण आला नाही तर दुसरे घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ होतो. परंतु जो उपचार मध्यमवर्गीय कुटुंबाची शिल्लक गिळून टाकतो, तेथे नशिबाचा हवाला पुरेसा ठरत नाही. सोरायसिसवरील जैविक औषधांनी हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला आहे.

सोरायसिस हा संसर्गजन्य रोग नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा बहकल्याने त्वचेच्या पेशी अवाजवी वेगाने वाढतात, चट्टे उठतात, खवले सुटतात. कित्येकांचे सांधेही धरतात. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने या रोगाविषयी ठराव केला, त्यात रोग्याच्या वाट्याला येणाऱ्या अवहेलनेचीही दखल होती. मेथोट्रेक्सेटसारखे जुने, स्वस्त औषध अनेकांना पुरते. ज्यांना ते पुरत नाही त्यांच्यासाठी गेल्या दोन दशकांत अडॅलिमुमॅब, उस्टेकिनुमॅब, सेक्युकिनुमॅब अशी टोचून घ्यावयाची औषधे आली.

ही औषधे प्रभावी आहेत, यात शंका नाही. मात्र ती सर्वांना सारखी लागू पडत नाहीत. शेवटच्या दोन औषधांची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार सोळाव्या आठवड्यास ९० टक्के सुधारणा गाठणाऱ्यांचे प्रमाण सेक्युकिनुमॅबच्या गटात ७९ टक्के, तर उस्टेकिनुमॅबच्या गटात सुमारे ५८ टक्के होते. उरलेल्यांत आपण असू काय, हे पहिली सुई टोचताना कोणालाच ठाऊक नसते.

हे आधी ओळखण्याचे काही मार्ग आता दिसू लागले आहेत. वजन अधिक असल्यास गुण कमी येण्याचा संभव वाढतो. पूर्वी एखादे जैविक औषध निष्फळ ठरले असल्यासही तसेच घडते. रक्तातील औषधाची पातळीही पुढील वाटचालीचा अंदाज देते. ब्रिटनमधील तेराशेंहून अधिक रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या अंगी एचएलए-सी ०६:०२ हा जनुकप्रकार नाही, त्यांना उस्टेकिनुमॅबपेक्षा अडॅलिमुमॅबचा गुण येण्याची शक्यता अधिक असते. हे सारे संभाव्यतेचे अंदाज आहेत, भविष्यकथन नव्हे. पण विमा कंपन्यांचा व्यवहार अशाच अंदाजांवर चालतो, मग रोग्यानेच अंधारात का चालावे?

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे वेगळेपण अनिश्चिततेत आहे. ती अनिश्चितता कोणी सोसावयाची, हाच खरा प्रश्न. ब्रिटनमध्ये अडॅलिमुमॅब सरकारी खर्चाने देताना सोळा आठवड्यांनी परिणाम तपासून, पुरेसा गुण नसल्यास ते थांबवावे, असा दंडक २००८ साली घालण्यात आला. त्याआधी २००७ साली तेथे एका कर्करोगावरील औषधाबाबत, गुण न आल्यास कंपनीने पैसे परत करावेत, असा करारही झाला होता. आपल्याकडील सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होणाऱ्यांवर आहे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या इंजेक्शनांचा भार बहुधा घरावरच पडतो. अडॅलिमुमॅबची जगातील पहिली समरूप आवृत्ती २०१४ साली भारतातच निघाली, ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि किंमत उतरल्याने चुकीच्या निवडीचा तोटा घटतो, चूक टळत नाही.

अशा अंदाजांचा उपयोग उद्या उपचार नाकारण्यासाठी होईल, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच अंदाजाने औषधांचा क्रम ठरावा, रोग्याचा हक्क नव्हे, हे पथ्य पाळले पाहिजे. शिवाय परदेशी रुग्णांवरून बांधलेले ठोकताळे येथे तंतोतंत लागू होतील, असे गृहीत धरणेही चूक ठरेल.

त्यासाठी आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे. जैविक औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी केली जातेच. त्याच वेळी रोग्याचे वजन, रोगाची तीव्रता आणि आधीची औषधे टिपून ठेवावीत व सोळा आठवड्यांनी आलेला परिणाम त्यापुढे लिहावा. ब्रिटनमध्ये अशी नोंदवही २००७ पासून चालू आहे. आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना हे अशक्य नाही. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत, चिकाटी लागते. आज प्रत्येक कुटुंब स्वतःच्या पैशाने एक प्रयोग करते आणि त्याचा निष्कर्ष कोठेही न नोंदता विसरला जातो. निदान पुढच्या रोग्याला तरी त्याचा लाभ मिळावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.