फुकटचे अपडेट, विकतच्या शंका

‘‘अपडेट फुकट मिळतात खरे, पण उद्या बंद पडले तर कॉलर कोणाची धरायची?’’ लिनक्सचे नाव काढले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा अडाणी नसतो. त्याच्याकडे सेंटओएस या मोफत लिनक्स प्रणालीचा दाखला असतो. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल या भरवशावर असंख्य सर्व्हर उभे राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केले, की ती २०२१ अखेर बंद होणार.

शब्द फिरवला, हे मान्यच. पण पुढचेही सांगायला हवे. सोर्स कोड खुला होता, म्हणून २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या पर्यायी प्रणाली उभ्या राहिल्या आणि सेंटओएसची चालू यंत्रे पुसून न टाकता तिकडे वळवता आली. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. परवान्याचे पैसे मोजलेले असले, तरी तिच्या दुरुस्त्या पुढे चालू ठेवायचा अधिकार दुसऱ्या कोणालाच नाही. कॉलर धरायला कंपनी असते. पण तिने परवान्याच्या बारीक अक्षरांत आधीच हात वर केलेले असतात.

दुसरा आक्षेप असा, की कोड सर्वांना खुला म्हणजे चोरालाही खुला. पुरावा म्हणून २०२४ चे एक्सझेड प्रकरण पुढे केले जाते. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणीतरी दीर्घकाळ काम करून विश्वास मिळवला आणि एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या छोट्याशा लायब्ररीत चोरवाट घातली. ती पकडली कशी गेली? एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले. तो त्या लायब्ररीच्या कामात नव्हता, तरी त्याला मुळापर्यंत जाता आले, कारण सगळे उघड्यावर होते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर आवृत्तीत ती चोरवाट पोचलीच नाही. नवी पॅकेजे तिथे येण्याआधी चाचणीच्या शाखांतून जातात.

‘अपडेट केले की चालू मशीन बिघडते,’ ही तिसरी तक्रार. बिघाड होतात, पण त्यावर तजवीजही आहे. डेबियनमध्ये सुरक्षेची दुरुस्ती शक्यतो आहे त्याच आवृत्तीत बसवतात, नव्या करामती सोबत येत नाहीत. ‘एप्ट अपडेट’ने फक्त यादी ताजी होते आणि तिची डिजिटल सही तपासली जाते; ‘एप्ट अपग्रेड’ काय बदलणार ते दाखवून संमती विचारते. नवे कर्नल आले तरी आधीचे शिल्लक राहते. नवे रुसले, तर यंत्र सुरू होताना ग्रब या बूटलोडरच्या मेनूतून जुने निवडायचे आणि कामाला लागायचे.

उरला शेवटचा टोमणा: शेवटी पैसे मागतातच ना! उबंटूच्या टर्मिनलवर ‘प्रो’ची सूचना झळकते, रेड हॅट वर्गणी घेते. घेऊ देत. उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतील मुख्य पॅकेजांना पाच वर्षे सुरक्षा अपडेट कोणत्याही नोंदणीविना मिळतात. प्रो ती मुदत दहा वर्षांवर नेते, आणि घरगुती वापराला पाच यंत्रांपर्यंत तेही मोफत आहे. डेबियनची तऱ्हा आणखी निराळी. तिथे पहिली तीन वर्षे संपल्यावर आणखी दोन वर्षे चालणाऱ्या कामाला कंपन्या पैसा पुरवतात. दुरुस्ती मात्र दमडीही न दिलेल्या विद्यार्थ्यालाही त्याच दिवशी मिळते. पैसे तज्ज्ञाच्या वेळेचे आहेत. एकदा झालेली दुरुस्ती सर्वांची असते, आणि याच व्यवस्थेचा मी पुरस्कार करतो.

मात्र ‘फुकट’ हा भ्रम वापरणाऱ्यांनीही सोडावा. एक्सझेडचा भार वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच स्वयंसेवकावर होता आणि चोराने तीच फट हेरली. तेव्हा आपल्या आवृत्तीची मुदत कधी संपते ते आजच पाहा, अपडेट अधिकृत भांडारातूनच घ्या आणि ते लांबणीवर टाकू नका. ज्या कार्यालयांचा परवान्यांवरचा खर्च वाचतो, त्यांनी त्यातला काही वाटा या दुरुस्त्या करणाऱ्यांकडे दरवर्षी पोचवावा.